घाटातली गाडी : पाहुण्यांची आणि घरच्यांची

उमरखेडला रेल्वे नाही. नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. इथून बाहेर पडायचे तर एसटी किंवा ट्रॅव्हल्स, आणि रेल्वेच धरायची असेल तर पैनगंगा ओलांडून हिमायतनगर नाहीतर थेट नांदेड गाठायचे. अशा गावातल्या माणसाकडून डोंगरी रेल्वेवरच्या पुस्तकाला प्रस्तावना मागायची, यातला विनोद लेखकमित्रांच्या लक्षात आला नसेल असे मला वाटत नाही. पण त्यांनी मागितली ते बरेच केले. आमच्याकडे रेल्वे हा सृष्टिसौंदर्याचा विषय नाही, मागणीचा आहे. निवेदने, मोर्चे, भूसंपादन, मोबदला आणि दर फेब्रुवारीत अर्थसंकल्पात आपल्या मार्गाला किती पैसे मिळाले याची चौकशी, ही आमची रेल्वेची भाषा. त्यामुळे दार्जिलिंग, उटी, सिमला, माथेरान ही प्रकरणे मी दोन प्रश्न मनाशी धरून वाचली. ही गाडी कोणाला वर नेते? आणि ती बंद पडली तर कोणाचे अडते?

आधी डोंगर चढण्याविषयी थोडेसे, कारण पुस्तकात हा भाग विखुरलेला आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने धावते, हाच रेल्वेचा सगळा फायदा, आणि डोंगरात हाच तिचा शत्रू. सपाटीवर एक इंजिन शेकडो टन ओढते. चढ लागला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर येते. पायी चालणाऱ्याला तो चढ जाणवणारही नाही, पण गाडीला त्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. रेल्वेतली माणसे त्यांना बँकर म्हणतात. माथेरानचा चढ २० ला १. निलगिरीच्या गाडीला १२ ला १ चढायचे असते आणि तिथे नुसत्या घर्षणावर भागत नाही, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवली आहे. इंजिनाचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकून गाडी वर सरकते. राहिला अरुंद रुळांचा प्रश्न. नॅरोगेज गाडी जास्त चढते असा समज आहे, तो खरा नाही. ती जास्त वळते. डोंगराच्या कडेकडेने आखूड वळणे घेत गेले की बोगदे, पूल आणि खर्च वाचतो, एवढेच तिचे गणित.

ही सगळी कारागिरी आज आपण खिडकीतून कौतुकाने पाहतो. ज्यांनी ती बांधली त्यांच्या डोक्यात मात्र दृश्य नव्हते, कापूस होता. सह्याद्री ओलांडल्याशिवाय दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात पोचणार नव्हता. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ च्या मे महिन्यात संपले. सुमारे २४ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ, २५ बोगदे, आणि मध्ये एक ठिकाण असे की गाडी पुढे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि ती उलट दिशेने पुढचा चढ चढायची. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि काही दिवसांतच वारला; कंत्राट त्याची बायको अॅलिस हिने पुरे करून घेतले. पुस्तकांत तिचे नाव येते, यायलाच हवे. पण त्याच घाटात पटकी, ताप आणि सुरुंगांनी जे हजारो मजूर मेले त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. लोकांनी आपल्या परीने ही उणीव भरून काढली आहे. खोपोलीच्या घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटातून वाट सापडत नव्हती, ती शिंगरोबा धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा आहे. इतिहासकार तिला पुरावा मागतील. घाटातून जाणारे ड्रायव्हर अजूनही तिथे नाणे टाकतात.

बोरघाटापाठोपाठ १८६५ मध्ये थळघाट खुला झाला आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. वऱ्हाडचा कापूस कसारा उतरून मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जाऊ लागला. म्हणून हे घाट पुण्या-मुंबईच्या सहलीचे, तितकेच आमच्या काळ्या जमिनीचेही आहेत. पुस्तकाने हा धागा आणखी पुढे न्यायला हवा होता, अशी माझी एक तक्रार आहे.

माथेरानची कथा या सगळ्याहून वेगळी, कारण ही गाडी जन्मापासूनच हवापालटासाठी होती. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तिथे चढला आणि मुंबईच्या गोऱ्यांना व शेटजींना डोंगरावर एक गाव मिळाले. नेरळहून वर जायचे तर घोडा, पालखी किंवा पाय. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही वाट रुळांची करायचे मनावर घेतले. वडिलांच्या पैशातून, सुमारे १६ लाख रुपये खर्चून, २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली. सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा तोच, ज्याने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली; पुढे तिच्याच डब्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वारकरी पंढरपूरला गेले. एकाच माणसाच्या हातून एक गाडी विठोबाकडे नेणारी झाली आणि एक गारव्याकडे. माथेरानच्या रुळांची रुंदी दोन फूट, लांबी सुमारे २० किलोमीटर. वळणे इतकी आखूड की साधे इंजिन त्यांत अडकेल. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीकडून अशी इंजिने आणली की त्यांचे टोकाचे आस वळणावर बाजूला सरकू शकतील. १९८२ पर्यंत वाफेवर, नंतर डिझेलवर. उतरताना डब्याडब्यावर हाताने ब्रेक आवळणारी माणसे असत आणि त्यांचे लक्ष इंजिनाच्या शिट्टीकडे असे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनांची नावे आणि वन किस टनेल नावाचा तो चिमुकला बोगदा मुंबई-पुण्याच्या मुलांना तोंडपाठ असतो.

डोंगराने या गाडीला कधी सुखाने चालू दिलेले नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ते २००७ मध्ये, नेमके शंभराव्या वर्षी, पुन्हा जोडले गेले. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, मग टप्प्याटप्प्याने सुरू, २०१९ च्या पावसाने पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळहून पुन्हा सुरू. इतक्यांदा दुरुस्त का करायची, असे विचारणारे असतात. त्यांना उत्तर अमन लॉज ते माथेरान या शेवटच्या छोट्या पट्ट्यात मिळते. माथेरानला मोटारींना बंदी आहे. वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून गावात जायला गावकऱ्यांनाही घोडा, रिक्षा, पाय किंवा ही शटल गाडी. भर पावसात नेरळकडची वाट बंद असते तेव्हाही शटल चालू ठेवायचा प्रयत्न असतो. फोटो मात्र सगळे खालच्या नागमोडी वळणांचे काढले जातात. माझ्या मते माथेरानच्या रेल्वेचा सर्वांत मोलाचा भाग हा वरचा, फोटोत न येणारा आहे, कारण तिथे एखाद्या घरचे तांदूळ आणि पाहुण्याची बॅग एकाच डब्यात असतात.

युनेस्कोने दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका-सिमल्याला २००८ मध्ये जागतिक वारशात घेतले. माथेरान अजून प्रतीक्षायादीत आहे. या यादीकडे नीट पाहिले तर दिसते की वारसा ठरलेल्या आपल्या डोंगरी गाड्या सगळ्या साहेबांच्या उन्हाळी गावांना जाणाऱ्या आहेत. त्या सुंदर आहेत, अवघड आहेत, जपायलाच हव्यात. पण जिथे साहेब उन्हाळ्यात जात नव्हता त्या वाटांचे काय? २००८ मध्येच स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरची आल्बुला-बर्निना वाट याच वारशात आली. तिथे काचेच्या डब्यांची पर्यटक गाडी धावते आणि त्याच रुळांवरून साधी गाडीही दिवसभर धावते. तिच्यात शाळकरी मुले असतात आणि बाजाराला निघालेल्या बायका असतात. ब्रुसिओ गावाजवळ ती वाट नऊ कमानींच्या पुलावरून एक पूर्ण वेढा घेते आणि स्वतःच्याच खालून निघून जाते. जगभरचे लोक तो वेढा पाहायला जातात.

असाच वेढा आपल्या मेळघाटात आहे, हे किती जणांना माहीत आहे? अकोट-खंडवा मीटरगेजवर धूळघाटला रूळ गोल फिरून स्वतःलाच ओलांडत. कारण तेच: चढ फार आणि जागा थोडी, तेव्हा लांबी वाढवून चढ सौम्य करायचा. जयपूरहून हैदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस एकेकाळी याच वाटेने अकोला, वाशीम, हिंगोली करत खाली उतरे. वाण रोड, धूळघाट, तुकईथड ही स्टेशने कोरकू वस्त्यांची होती. तिथल्या माणसांना दवाखाना आणि बाजार म्हणजे ही गाडी. २०१७ च्या सुरुवातीला अकोल्यापुढची गाडी ब्रॉडगेजसाठी थांबवली गेली. मग प्रश्न आला व्याघ्र प्रकल्पाचा, आणि नवी वाट मेळघाटाच्या बाहेरून न्यायचे ठरले. वाघांच्या बाजूने झालेला हा निर्णय मला योग्य वाटतो. रात्रंदिवस मालगाड्या धावणारा मार्ग त्या जंगलातून नकोच. पण त्या निर्णयाची किंमत ज्या गावांनी मोजली त्यांच्यासाठी बदली वाट काय केली, हे विचारायला कोणी फारसे थांबले नाही.

याच मीटरगेजच्या उत्तर टोकाला काय घडले ते पाहा. खंडवा-इंदूर वाट होळकरांच्या पैशाने झाली. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये त्यासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. महूच्या पुढे पाताळपाणी ते कालाकुंड हा त्यातला घाट. ब्रॉडगेजच्या धडाक्यात तोही गेला असता, पण २५ डिसेंबर २०१८ पासून तिथे वारसा गाडी सुरू झाली. धबधबा, बोगदे, कालाकुंडचा कलाकंद, आणि पावसाळ्यात इंदूरकरांची झुंबड. एकाच लोहमार्गाच्या एका टोकाला सहल मिळाली आणि दुसऱ्या टोकावरच्या धूळघाटच्या वेढ्याचा धड नकाशाही सामान्य वाचकाला मिळत नाही. तिथे पर्यटक गाडी न्या असे मी म्हणत नाही. त्या वेढ्याची मोजमापे, छायाचित्रे आणि तिथे नोकरी केलेल्या गँगमन-स्टेशनमास्तरांच्या आठवणी तरी आता नोंदवून ठेवायला हव्यात, कारण ती माणसे आता थकली आहेत.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्याची गाडी. 'शकुंतला' हे नाव काढल्यावर यवतमाळ-अमरावतीकडचा साठीपुढचा माणूस काही सांगितल्याशिवाय राहत नाही. किलिक, निक्सन कंपनीने १९१० च्या सुमारास वऱ्हाडातल्या कापसासाठी अडीच फुटी रुळांच्या वाटा घातल्या: मूर्तिजापूरहून एक अचलपूरला, दुसरी कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. दारव्हा मोतीबागहून पुसदकडे जाणारा एक फाटाही होता. तो फार पूर्वीच उखडला गेला, आणि पुसद-उमरखेडच्या वाट्याला आलेली तेवढी एक रेल्वे त्याच्याबरोबर गेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन या वाटेवर सत्तर वर्षांहून अधिक काळ राबले आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झाले. स्वातंत्र्यानंतर देशातली जवळजवळ सारी रेल्वे सरकारी झाली, पण या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली आणि भारतीय रेल्वे कराराने गाडी चालवत राहिली. मालक वेगळा, चालवणारा वेगळा. मग दुरुस्ती कोण करणार? गाडी हळू होत गेली, स्टेशनांवरचे कर्मचारी कमी होत गेले, शेवटी गार्डच तिकिटे फाडू लागला. गेल्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती बंद झाली.

शकुंतला मोठ्या डोंगरांची गाडी नव्हती, हे मान्य. लाडखेड, लिंगा, लासीना करत यवतमाळच्या पठाराकडे येताना सागाचे जंगल आणि टेकड्या लागत, एवढेच तिचे निसर्गसौंदर्य. पण वारसा म्हणजे काय, हे ठरवायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. एका साम्राज्याच्या गिरण्यांना कापूस पुरवणारी, नंतर त्याच कापसाच्या शेतकऱ्यांना सर्वांत स्वस्तात तालुक्याला नेणारी आणि शेवटी मालकी हक्काच्या घोळात मेलेली गाडी. एवढा इतिहास सिमल्याच्या एकशे दोन बोगद्यांतही नसेल. अचलपूर-मूर्तिजापूरकडच्या लोकांनी तिच्यासाठी आंदोलने केली, ब्रॉडगेजची मागणी केली. त्यांना संग्रहालय नको होते, गाडी हवी होती. मला त्यांचेच म्हणणे पटते.

ज्याची आम्ही वाट पाहतो आहोत तो वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला आणि २००९ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब या पहिल्या टप्प्यावर गाडी धावली. पंधरा वर्षांत कळंब. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव. पुसदचे डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडचे फाटे. त्यांतून बोगदे आणि उंच पूल बांधत ही वाट पैनगंगेकडे उतरेल. ती खुली होईल तेव्हा विदर्भातल्या देखण्या रेल्वेवाटांत तिची गणना करावी लागेल, असे नकाशावरून तरी दिसते. मात्र आजवर एकाही निवेदनात मी 'निसर्गरम्य' हा शब्द वाचलेला नाही. नागपूरला नेलेला पेशंट, पुण्याला शिकणारी मुले, उसाचे आणि हळदीचे भाव, एवढेच त्यांत असते. पोफळीच्या साखर कारखान्याचा ऊस किंवा बंदीभागातला, म्हणजे आमच्या जंगलपट्ट्यातला, मजूर खिडकीतून काय दिसते हे विचारणार नाही.

तरी सोय आणि सहल या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात आणि त्याला फार खर्चही नाही. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन अजून रोज बोरघाट उतरते-चढते. तिच्यात वर्षानुवर्षांचे पासधारक असतात, ज्यांना मंकी हिल कधी आले तेही कळत नाही, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून त्याच गाडीला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा आहे, ज्यात बसलेले लोक प्रत्येक बोगद्याला ओरडतात. एकच इंजिन, एकच वेळापत्रक. डोंगरी पर्यटनासाठी वेगळी महाग गाडी काढायच्या आधी चालू गाडीला एक डबा जोडून पाहावा, असे मला या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात उघड लिहिलेले आवडले असते. तसे केले नाही तर काय होते ते गोव्याच्या घाटातल्या दूधसागरला दिसले. पावसाळ्यात रुळांवरून चालत धबधब्याकडे जाणाऱ्यांना २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. धबधब्यापाशी गाडीने थांबायचे नाही आणि चालत जायलाही बंदी. मग उत्साही तरुणांच्या वाट्याला उठाबशाच येणार.

पुस्तकाच्या बाकी गुणांविषयी मी लिहीत नाही. ते पानोपानी दिसतील. निलगिरीचे प्रकरण सर्वांत चांगले उतरले आहे, सिमल्याचे जरा लांबले आहे.

वाचून झाल्यावर गाडीत बसावेसे वाटले तर सांगतो. नेरळहून वर जाणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, म्हणून ते दिवाळीनंतर ठेवा. पावसाळ्यासाठी आमच्या शेजारची वाट आहे. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर हिमायतनगर आणि किनवट यांच्या दरम्यान सहस्रकुंड नावाचे साधेसे स्टेशन आहे. पैनगंगा तिथून जवळच काळ्या खडकांवरून खाली कोसळते. अलीकडे किनवट तालुका, पलीकडे आमच्या उमरखेडचे मुरली गाव. या वाटेला काचेचा डबा नाही, वारशाचा शिक्का नाही, माहितीपत्रकही नाही. सागाचे जंगल आहे, आणि डब्यात बाजारच्या पिशव्या घेतलेली माणसे आहेत. नांदेडहून सकाळची गाडी कोणती ते आधी पाहून घ्या, आणि जनरलचेच तिकीट काढा.